नवं मोठं कारागृह की तीन तालुक्यांचं सामायिक न्यायसंकुल?

काही वर्षांपूर्वी आमच्या वकील संघाकडे मत मागितलं गेलं, तेव्हा दोन प्रस्ताव समोर होते. एकात शहराबाहेर वीसेक किलोमीटरवर ऐसपैस कारागृह. दुसऱ्यात तीन तालुक्यांना मिळून एकच आवार: फौजदारी न्यायालयं, शेजारी कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्यांपुरतं लहान कारागृह आणि गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांचं कार्यालय. मी दुसऱ्या बाजूने हात वर केला. तुमच्या जिल्ह्यात हाच प्रश्न आला असेल तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

मोठ्या कारागृहाची बाजू लंगडी मुळीच नाही. २०२२ अखेर देशभरातल्या कारागृहांत ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० माणसं होती. रात्री कूस बदलायलाही शेजाऱ्याला उठवावं लागतं, असं अशिलाच्या तोंडून ऐकलेला माणूस ‘नव्या बराकी कशाला’ असं म्हणू शकत नाही. शहराबाहेर जमीन मिळते, शेती आणि कारखाना काढता येतो. लांबच्या शिक्षेच्या बंद्यांना तेच हवं. पण त्याच आकड्यात ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरात जवळपास शहात्तर. त्यांचा निकाल लागायचा आहे, आणि निकाल बराकीत लागत नाही.

माझं मत फिरलं ते एका वाक्यामुळे: ‘पार्टी मिळाली नाही.’ कैद्याला न्यायालयात आणायला पोलीस पार्टी, म्हणजे सोबतीला पोलिसांची तुकडी लागते. बंदोबस्त असला, सण असला, निवडणूक असली की पार्टी तिकडे जाते आणि कैदी आतच राहतो. किरकोळ चोरीच्या एका खटल्यात माझा अशील असाच अडकला होता. साक्षीदार शेतमजूर होता, त्याला आरोपी समोर पाहून ओळखायचा होता. समन्सची घडी खिशात घालून तो सकाळच्या एसटीने यायचा आणि दुपारपर्यंत व्हरांड्यात बसायचा. मग रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद व्हायची: आरोपी हजर नाही, साक्षीदार हजर, पुढील तारीख. असं तीनदा झालं. चौथ्या तारखेला पार्टी मिळाली, अशील आला, पण साक्षीदार आला नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाल्यावर तो तरी का येईल? उलट त्याच्यावरच वॉरंट काढायची वेळ आली. आणि या प्रत्येक तारखेला बराकीतली एक जागा आणखी दोन आठवडे अडून राहिली. गर्दी अशीही वाढते.

व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आहे की, असं कुणी म्हणेल. कोठडी वाढवण्यापुरती ती ठीक आहे, मीही वापरतो. पण पडद्यावर अशील दिसतो तेव्हा त्याच्या मागे शिपाई उभा असतो. जामीनदार कोण मिळेल, घरी कुणाला निरोप द्यायचा, हे तो तिथून मोकळेपणाने सांगत नाही.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने हे अंतर आणखी महत्त्वाचं झालं आहे, असं मला वाटतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला सोडायला हवं. न्यायालयाला तसं कळवायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. पण यादी काढणारा एका गावात, वकील दुसऱ्या गावात आणि खटल्याचे कागद तिसऱ्या गावात असले की ती यादी फिरतच राहते. एकाच आवारात असतील तर वकील यादी हातात घेऊन चालत जाईल.

संकुलाच्या अडचणी आहेतच. दूरच्या तालुक्यातल्या साक्षीदाराला प्रवास वाढतो. तालुक्याच्या बारची, म्हणजे तिथल्या वकिलांची नाराजी खरी असते, म्हणून दिवाणी कामं आणि साध्या जामिनाचे खटले जागच्या जागी ठेवावेत असं मी सुचवलं. गावात कारागृह नको, हा आक्षेपही ऐकावा लागला. त्यावर मी एवढंच म्हणालो की जुन्या तहसील आवारात कचेरी, कोर्ट आणि सब-जेल एकाच कुंपणात असायचं, आणि गाव तिथेच राहत होतं. तुमच्याकडे शिक्षा झालेल्या बंद्यांचीच गर्दी जास्त असेल तर मात्र मोठं कारागृहच बरं पडेल.

आमच्याकडच्या नकाशात कारागृह आणि न्यायालय समोरासमोर होतं, पण मधून सार्वजनिक रस्ता जात होता. म्हणजे पुन्हा गाडी आणि पुन्हा पार्टी. आम्ही लेखी कळवलं की आतून बंदिस्त वाट काढा आणि त्या वाटेवर वकिलाला अशिलाशी दार लावून बोलता येईल अशी एक खोली द्या. तुमच्याकडे नकाशा आला की आधी ती वाट आणि ती खोली शोधा.