कॉकर की स्प्रिंगर? नागपूरच्या उन्हात ठरवायचं तर

स्पॅनियल जातीचा कुत्रा घ्यायचं पक्कं केलेल्याला मी आधी एकच विचारतो: पहाटे किती वाजता उठता? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि सकाळी नऊलाच डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. फिरवणं उजाडायच्या आत उरकावं लागतं.

कॉकर आणि स्प्रिंगर, दोन्ही स्पॅनियल मुळात एकाच घरचे. इंग्लंडमध्ये पूर्वी एकाच वेतातली लहान पिल्लं वुडकॉक पक्ष्याच्या शिकारीला जात, ती कॉकर. थोराड पिल्लं झुडपातलं सावज उसळवत, ती स्प्रिंगर. कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबनं स्प्रिंगरला १९०२ मध्ये वेगळी जात मानलं. आज कॉकर साधारण १३-१४ किलोंचा, स्प्रिंगर २०-२२ किलोंचा.

खरा फरक वजनात नाही, दमात आहे. कॉकरला सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास पुरतो. मग तो स्वयंपाकघरात तुमच्या पायात घुटमळतो. खादाड इतका, की बघता बघता पिंप होतो. ओरडलात तर रुसून बसतो. स्प्रिंगरला रोज दोन तास हवेत. नाहीतर अंगणातल्या कुंड्या गेल्याच समजा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हात, दोन तास कुठून आणणार? मग घरातच खाऊ लपवून हुंगायला लावायचं. नाक चाललं की तो दमतो, आणि हे कूलरसमोरही जमतं.

कानांची कटकट दोघांची सारखीच. लोंबत्या कानात हवा खेळत नाही, पावसाळ्यात बुरशी धरते, वास येतो. आठवड्याला कान पुसा, आंघोळीनंतर कोरडे करा. पाऊस ओसरला की मोकळ्या प्लॉटवरचं गवत वाळतं, त्याची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात रुततात. ती आणि गोचीड रोज बोटांनी चाचपून काढायची. गोचिडीचा ताप जिवावर बेततो. उन्हाळा आला म्हणून अंगावरचे केस पार भादरू मात्र नका, कातडी उन्हानं पोळते.

फ्लॅट असेल तर माझं मत सरळ कॉकरला. स्प्रिंगर घ्यावा तो रोज पहाटे पळणाऱ्यानंच.

एक मेख आहे. नुसतं ‘कॉकर’ म्हणून अमेरिकन कॉकरही गळ्यात मारतात. डोकं घुमटासारखं, तोंड आखूड, पोटाखाली झालरीसारखे केस. दिसतो देखणा, पण ती झालर रोज विंचरायला लागते. पिल्लांत फरक कळत नाही. आई दाखवा म्हणावं.