गाडीवरचा चरा: घासून काढायचा, रंगाने भरायचा की स्प्रे मारायचा?

चरा दिसला की आधी त्याची लांबी डोळ्यांत भरते, आणि निर्णय तिथेच चुकतो. दारभर गेलेली रेघ कधी कधी पंधरा मिनिटांच्या रबिंगने जाते. उलट तांदळाच्या दाण्याएवढा टवका थेट पत्र्यापर्यंत गेलेला असतो आणि तो तसाच सोडला की गंज धरतो. उपाय निवडायचा तो चऱ्याची खोली बघून.

पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा ई-कोट असतो, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा किंवा थोडं जास्त. त्यात क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनच्या आसपास आणि रंगाचा थर त्याहूनही पातळ. घरी जे काही घासायचं ते या 40-50 मध्येच, आणि तेही सगळं नाही. ऊन झेलण्याचं काम क्लिअर कोट करतो. तो फार झिजला की वर्षा-दोन वर्षांनी तिथेच रंग फिका पडून पापुद्रे निघायला लागतात.

खोली ओळखायला यंत्र लागत नाही. जागा शाम्पूने धुऊन कोरडी करा आणि चऱ्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओला असेपर्यंत चरा दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. मग नख आडवं फिरवा. नख सरळ सरकलं तर कंपाउंडने (घासून गुळगुळीत करणारी पेस्ट) भागेल, जेमतेम अडखळलं तर वॉटर पेपरचा (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक सँडपेपर) विचार करा, ठक्कन अडकलं तर घासण्याचा नाद सोडा. शेवटची खूण चऱ्याच्या तळाच्या रंगाची. मळकट करडा किंवा पांढरा तळ म्हणजे प्रायमर, चकचकीत किंवा तांबूस म्हणजे पत्रा, आणि बंपरवर काळा दिसला तर प्लॅस्टिक.

या सगळ्याआधी एक शक्यता तपासा: तो चरा नसेलच. भिंतीचा, खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग वर चिकटला तरी हुबेहूब चऱ्यासारखा दिसतो. डांबर काढायचं द्रव किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन हलकं पुसा, निम्मी रेघ तिथेच जाते. थिनर मात्र वापरू नका. कारखान्याचा भाजलेला रंग तो थोडा वेळ सोसतो, पण पॅनल पूर्वी कधी स्प्रेने रंगवलेलं असेल तर रंगच कापडावर येतो.

कंपाउंड की वॉटर पेपर?

दोन्हींचं तत्त्व एकच. चरा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. फरक किती खाली आणायचं याचा आहे.

नख न अडकणारा चरा असेल तर कंपाउंडच पुरे. हाताने करायचं तर फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं कंपाउंड, साधारण तळहाताएवढी जागा आणि एकसारखा दाब. सरळ रेषेत, एकदा आडवं एकदा उभं, दोनेक मिनिटं. मग पुसून बघा. हाताने गोल गोल घासू नका, उन्हात तीच वर्तुळं दिसतात. पॅनल सावलीत आणि हाताला गार लागायला हवं, तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून धरतं. मोठी जागा असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्या, त्याचं पॅड फिरता फिरता थरथरतं. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन लवकर कापतं खरं, पण एका जागी तापवून क्लिअर कोट जाळायलाही त्याला फार वेळ लागत नाही, त्यामुळे नवख्या हातात ते नको. मशीन कुठलंही असो, बॉनेटच्या, दाराच्या कडांवर आणि पॅनलच्या उठावाच्या रेषेवर आधी मास्किंग टेप लावा. तिथे थर मुळात पातळ असतो आणि आरपार जायला वेळ लागत नाही.

नख जेमतेम अडखळत असेल तर 2000 किंवा 2500 नंबरचा वॉटर पेपर. तो दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका, पेपर लहान रबरी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या दाबाचे चर उठतात. दहा-बारा हलके हात मारून पुसून बघायचं. जागा एकसारखी दुधी दिसायला लागते, आणि इथेच बहुतेकांची छाती दडपते. घाबरू नका, 3000 चा एक फेरा आणि मग कंपाउंड-पॉलिश केलं की चमक परत येते. घाबरायचं ते पाण्यात रंग उतरायला लागला तर, कारण त्याचा अर्थ क्लिअर कोट संपला. (जुन्या गाड्यांवर रंग आणि चमक एकाच थरात असते. तिथे पहिल्या हातापासूनच पाणी रंगीत होतं आणि ते चुकीचं नाही. एका झाकलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर कंपाउंड घासून हे आधी कळतं.)

चरा नव्वद टक्के गेला आणि दहा टक्के उरला की थांबायचं. उरलेल्या दहासाठी मारलेले हातच सगळ्यात महाग पडतात.

‘स्क्रॅच रिमूव्हर’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत बारीक कापणारी पूड आणि भरणारं तेल-वॅक्स असं मिश्रण असतं. लावल्यावर चरा गायब होतो आणि चार-पाच धुण्यांनी परत हजर. गाडी विकायच्या आदल्या दिवशी उपयोगी, एवढंच. टूथपेस्टही कापते, पण तिचा दाणा रंगासाठी बनवलेला नसतो. चरा तिथेच राहून भोवती धुरकट डाग पडल्याचं उदाहरण शोधावं लागत नाही.

टच-अप पेन की स्प्रे कॅन?

प्रायमर किंवा पत्रा दिसतोय म्हणजे घासून काहीही होणार नाही, रंग घालावाच लागेल. आता प्रश्न ब्रशचा की स्प्रेचा, आणि इथे आमचा कल स्पष्ट आहे: एका रेघेसाठी स्प्रे नको.

कारण साधं आहे. टच-अपमध्ये रंग फक्त चऱ्यात बसतो, बाजूचा चांगला रंग शाबूत राहतो, आणि बिघडलं तर ओला रंग पुसून पुन्हा सुरुवात करता येते. स्प्रेत तीन मिलिमीटरच्या रेघेसाठी वीतभर जागा घासावी लागते, आणि चुकलं तर मागे फिरायला वाट नाही. त्यात रंग मेटॅलिक असेल तर कॅन किती लांब धरला आणि हात किती ओला बसला यावर त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण वेगळे बसतात. रंगाचा कोड तोच, डबा तोच, तरी ठिगळ कधी उजळ तर कधी गडद.

टच-अपची मर्यादाही सांगायला हवी. ते जवळून कळतंच. दोन हातांच्या अंतरावरून दिसू नये आणि पत्रा बंद व्हावा, एवढीच त्याची जबाबदारी. ही अपेक्षा ठेवून केलं तर समाधान मिळतं.

रंगाचा कोड बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. ‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ सांगून आणलेला रंग जुळत नाही. चऱ्यातला गंज बारीक पेपरच्या गुंडाळीने किंवा टोकदार पात्याने खरवडून काढा, मग अल्कोहोलने पुसा. पत्रा उघडा असेल तर प्रायमरचा एक ठिपका आवश्यक. रंग बाटलीच्या झाकणातल्या ब्रशने लावू नका, तो फार जाड असतो. टूथपिक किंवा शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश घ्या. टोकावर आलेला थेंब चऱ्याला नुसता टेकवायचा. रंग आपोआप चरात ओढला जातो, ओढावा लागत नाही. दोन-तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये अर्धा तास. वाळताना रंग खाली बसतो, म्हणून शेवटी क्लिअरचा थर किंचित उंच राहील असा ठेवा. मग आठवडाभर हात लावू नका. दुसऱ्याच दिवशी ठोकळा फिरवला तर मऊ रंग चरातून उचकटून येतो, आणि सगळ्यात जास्त कामं इथेच फसतात. आठवड्यानंतर 2500 ने फक्त उंचवटा सपाट करून कंपाउंड मारा.

स्प्रेला जागा आहे ती बंपरच्या कोपऱ्यावर, आरशाच्या कव्हरवर किंवा जिथे वीतभर रंग खरवडला गेलाय तिथे. छोटा, सुटा होणारा भाग असेल तर तो पूर्णच रंगवा, म्हणजे जुन्या-नव्या रंगाची सीमारेषा मधे कुठे येत नाही. आधी 400 नंतर 800 ने घासा. उघड्या प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक प्रायमर हवाच, नाहीतर पहिल्याच जोरदार पाण्याने रंग सालीसारखा सुटतो. डबा दोन मिनिटं हलवा, वीतभर लांब धरा, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. फार जवळून मारलं तर ओघळ येतात, फार लांबून मारलं तर रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो. ओल्या रंगात छोटे गोल खड्डे पडले तर पत्र्यावर सिलिकॉन राहिलंय, म्हणजे आधीचं पॉलिश किंवा वॅक्स नीट निघालेलं नाही. पावसाळी हवेत क्लिअर पांढुरका पडतो, तेव्हा तो दिवस सोडून द्या.

क्लिअर कोट साधा घ्यायचा की टू-के, म्हणजे रंग टणक करणारं हार्डनर मिसळलेला? साधा लावायला सोपा, पण त्यावर पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो. टू-के टणक बसतो आणि चमक टिकते. मात्र डब्याच्या तळाची कळ दाबून हार्डनर आत मिसळला की डबा साधारण दिवस-दोन दिवसांतच वापरावा लागतो, आणि त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक आहे. धुळीचा मास्क इथे कुचकामी. वाफा रोखणारा फिल्टर मास्क, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा नसेल तर टू-केला हात लावू नका.

घरी नकोच

मॅट रंगावर कंपाउंड मारलं की चकचकीत डाग कायमचा. मोत्यासारखी झाक असलेले पर्ल रंग बऱ्याचदा तीन थरांचे असतात, ते घरी जुळत नाहीत. ज्या बंपरमागे आजूबाजूच्या गाड्या ओळखणारा रडार सेन्सर आहे तिथे रंगाचा जादा थर किंवा पुट्टी सिग्नलमध्ये अडथळा आणू शकते, त्यामुळे गाडीचं मॅन्युअल बघितल्याशिवाय रंगवू नका. चऱ्यासोबत पोचाही असेल तर आधी पोचा निघायला हवा, रंग नंतर. आणि चऱ्याच्या कडेने रंग फुगलेला दिसला तर गंज आत पसरलेला आहे. वरून कितीही सुबक टच-अप केलं तरी तो खालून ते उचलणारच.

नव्या रंगावर महिनाभर वॅक्स नको, आतला थिनर उडून जायला वाट लागते. साध्या पाण्याने धुवायला आठवड्यानंतर हरकत नाही, फक्त प्रेशर वॉशरचा फवारा टच-अपच्या ठिपक्यावर रोखू नका.