ट्रंक कॉल की एसटीडी बूथ?

मोबाइल नव्हते तेव्हा परगावी फोन करायला काय बरं होतं? माझं मत एसटीडी बूथला, आधीच सांगते. ट्रंक कॉल म्हणजे टेलिफोन एक्सचेंजला नंबर बुक करायचा आणि मग बसायचं वाट बघत, ऑर्डिनरी असेल तर तासन्‌तास, घाई असेल तर अर्जंट, त्याहून घाई तर लाइटनिंग, आणि पैसे त्या हिशोबाने वाढत जायचे. शिवाय मधे ऑपरेटर, मग घरातलं काही मोकळेपणाने बोलणार कसं? एकच प्लस पॉइंट, पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणसासाठी बुक केलेला कॉल, त्यात हवा तो माणूस भेटला नाही तर पूर्ण पैसे लागत नसत.

ऑपरेटरशिवाय थेट डायल करायची सोय, म्हणजे एसटीडी, कानपूर-लखनौ दरम्यान १९६० लाच आली होती, पण साध्या माणसाला तिचा खरा फायदा झाला तो ८० च्या दशकाच्या शेवटी, गल्लोगल्ली एसटीडी बूथचे पिवळे बोर्ड लागायला लागले तेव्हा. रात्री ११ नंतर पाव दर, म्हणून जेवणं उरकून सगळे रांगेत, आत गेलं की नजर मीटरच्या लाल आकड्यांवर आणि बोलणं एकदम फास्ट, पैसे मिळाले का, आईचा गुडघा कसाय, बरं ठेवते. आणि कितीतरी बूथ अपंगांना दिले गेले, त्यावर त्यांची घरं चालली, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.