शब्दाला पक्का म्हणून नाव होतं त्या बिल्डरने माझ्या वडिलांना कसं फसवलं

तालुक्याच्या गावात फ्लॅट घेताना लोक कागद बघत नाहीत, माणूस बघतात. बिल्डर कोणाचा कोण, आधीची बिल्डिंग कशी बांधली, देवाधर्माचा आहे का, एवढं कळलं की इसार देऊन मोकळे. आमच्या घरातही असंच झालं आणि पंधरा लाख अडकलेत. गावाचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे, पण त्याने काय केलं ते सगळं लिहिणार आहे, कारण ह्याच पद्धतीने अजून बऱ्याच ठिकाणी चाललंय.

आधी त्याच्याबद्दल जे चांगलं आहे ते सांगते. वडील गवंडी, हा स्वतः पोरवयात सेंट्रिंगच्या कामावर, मग स्वतःच्या प्लेटा घेऊन भाड्याने द्यायला लागला, मग लेबर कॉन्ट्रॅक्ट, मग चार रो हाऊस आणि मग पहिलं अपार्टमेंट. ते अपार्टमेंट मी आतून बघितलंय, आजही भिंतीला ओल नाही. साईटवर आला की खिशातल्या किल्लीच्या टोकाने प्लास्टर खरवडून बघायचा, भुगा पडला तर मिस्त्रीला तेवढा भाग पाडून परत करायला लावायचा. कॉलमला गुंडाळलेल्या गोणपाटाला हात लावून बघायचा ओलं आहे का, नसेल तर वॉचमनची काही खैर नाही. बाजाराच्या दिवशी दुपारच्या आत मजुरांचा पगार, कधी चुकला नाही. दिंडीला एक दिवसाचं जेवण, शाळेला पाण्याची टाकी, कोणाच्या पोरीच्या लग्नाला मदत. हे सगळं खरं होतं, देखावा नव्हता असं मला आजही वाटतं. पहिल्या दोन बिल्डिंगचे ताबे वेळेत दिले त्याने, कोणाची तक्रार नाही.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि हा त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. रस्त्यात कुठेही भेटला तरी वाकून नमस्कार करायचा. बाबा रिटायर झाल्याचं कळल्यावर स्वतः घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडून मला नफा नको. फक्त फ्लॅट कुठला पाहिजे ते सांगा, तो तुमचा." दुसऱ्या मजल्यावरचा पूर्वेकडचा फ्लॅट ठरला, चोवीस लाख. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे आलेले पैसे, त्यातले अकरा लाख चेकने गेले आणि चार लाख रोख. रोख पैशाची पावती म्हणजे डायरीचं पान, त्यावर त्याची सही.

आता कागदाचं बघा. ही गोष्ट सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ मधली, तेव्हा सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिलेली आणि रजिस्ट्री ऑफिससमोर लोकांच्या रांगा. सगळे दस्त नोंदवून घेत होते आणि आम्हाला मात्र हा सांगत होता की थांबा गुरुजी, स्लॅब पडू द्या, मग एकदमच करू. तोपर्यंत शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिली. कायद्यात स्पष्ट आहे, रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा, त्याचं कलम १३, फ्लॅटच्या किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची तर आधी रजिस्टर्ड करार झाला पाहिजे. त्याच्याही आधीचा आपला महाराष्ट्राचा फ्लॅट विक्रीचा कायदा, मोफा, १९६३ चा, त्यात ही मर्यादा वीस टक्के आहे. चोवीस लाखाच्या फ्लॅटला दहा टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार. त्याच्या वर एक रुपया जरी मागितला तर म्हणायचं आधी रजिस्ट्री करू, आणि समोरचा नाराज झाला तर होऊ द्या. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला तर इन्कम टॅक्सचीच बंदी आहे, २०१५ पासून.

भांडं फुटलं बँकेत. उरलेल्या पैशासाठी भावाने सरकारी बँकेत लोनचा अर्ज केला, हा मात्र सारखा म्हणत होता की अमुक पतसंस्थेतूनच घ्या, माझी ओळख आहे, दोन दिवसात होईल. भाऊ ऐकला नाही हे फार बरं झालं. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांनी सर्च घेतला, म्हणजे जागेचे नोंदवलेले जुने दस्त तपासले, आणि आम्हाला बोलावून डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटची नक्कल पुढे ठेवली. जागा बिल्डरची नव्हतीच, दोन भावांची होती, आणि त्यांच्याशी झालेल्या करारात मागे एक परिशिष्ट होतं, जागामालकाच्या वाट्याला येणारे फ्लॅट. त्या यादीत आमचा फ्लॅट नंबर. नंबर, मजला, दिशा, चटई क्षेत्र, सगळं जसंच्या तसं. म्हणजे जो फ्लॅट विकायचा त्याला अधिकारच नव्हता तो त्याने बाबांना विकला, आणि तो करार त्याने स्वतः सही करून आमच्या आधी वर्षभर रजिस्टर केलेला, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

मग भावाने नगरपरिषदेतून मंजूर नकाशा काढला तर पुढचं कळलं. जाहिरातीत पार्किंग आणि वर तीन मजले, बारा फ्लॅट. मंजुरी फक्त दोन मजल्यांची, आठ फ्लॅटची. हा आकडा त्याने उगाच निवडलेला नाही, आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही, जागा ५०० चौरस मीटरपर्यंत म्हणजे साधारण पाच गुंठ्यापर्यंत असली तरी लागत नाही. पण त्यात सगळे टप्पे धरून आठ असं म्हटलंय, आठ दाखवून बारा विकता येत नाहीत. आणि ब्रोशरवर छापलेला महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर? तो त्याच्या आधीच्या, पूर्ण झालेल्या बिल्डिंगचा निघाला. महारेराच्या वेबसाईटवर नंबर टाकला की प्रकल्पाचं नाव, पत्ता, विकलेले फ्लॅट, सगळं दिसतं, फुकट आहे, मोबाईलवर होतं. ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीवर क्यूआर कोड छापायचं बंधनच आहे, तो स्कॅन करा आणि उघडलेल्या पानावर तुमच्याच बिल्डिंगचं नाव आहे का ते वाचा.

बाबांना घेऊन आम्ही ऑफिसला गेलो. तो उठून उभा राहिला, पाया पडला, खुर्ची दिली. आवाज चढवला नाही, उलट डोळ्यात पाणी आणून म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला बुडवून मी कुठं जाणार? तिसऱ्या मजल्यावरचा त्याच्यापेक्षा मोठा फ्लॅट देतो." तिसरा मजला, ज्याला मंजुरीच नाही. बाबा एवढंच म्हणाले, "मला माझे पैसे दे." त्याने पुढच्या तारखांचे दोन चेक दिले आणि दोन्ही परत आले.

पैसे कुठे गेले ते गावात सगळ्यांना माहीत आहे. बायपासला शेतजमीन घेऊन प्लॉटिंग टाकलं, ते एनएच्या, म्हणजे जमीन बिगरशेती करायच्या कामात अडकलं, मग ह्या बिल्डिंगचे पैसे तिकडे, पतसंस्थेचं व्याज भरायला नवीन बुकिंगचे पैसे. रेरा नोंदणीच्या प्रकल्पात ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरायचे असतात, ते नेमकं हे थांबवायलाच आहे. नोंदणी टाळली की ते कुलूपही गेलं. लोक म्हणतात अडचणीत आला बिचारा, मनाने वाईट नाही. मला हे पटत नाही. मजुराचा पगार वेळेत देणं हा त्याचा धर्म होता हे मी वरती मान्य केलंय, पण तो पगार आमच्या पैशातून जात होता, आणि ज्या गुरुजींच्या पाया पडायचा त्यांना दुसऱ्याच्या वाट्याचा फ्लॅट दाखवताना त्याचा हात थरथरला नाही. दिंडीच्या जेवणाचे फोटो बघून अजूनही नवीन लोक त्याच्याकडे बुकिंगला जातात म्हणून मला हे सगळं लिहावं लागतंय.

पोलीस स्टेशनला आधी सांगितलं ही दिवाणी बाब आहे. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटचं ते परिशिष्ट आणि नोटरी शेजारी शेजारी ठेवल्यावर आणि आणखी तीन ग्राहक सोबत आल्यावर अर्ज घेतला, एकेकट्याने जाऊ नका. महारेराकडे ऑनलाईन तक्रार केली, फी पाच हजार, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाचीही तक्रार करता येते. तिकडून व्याजासकट पैसे परत करायचा आदेश मिळाला तरी वसुली कलेक्टर कचेरीमार्फत होते आणि तिथे वेळ जातो, हे आत्तापासून धरून चालतोय.

चेकचं मात्र वेळेत केलं. चेक परत आल्याचा मेमो बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसात नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस असतात, त्यात पैसे नाही आले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. चेकच्या कायद्याचं, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं, कलम १३८. बिल्डर ह्याच काळात गोड बोलून तारखा पुढे ढकलतो, आमच्यातल्या एकाचे तीस दिवस असेच गेले.

तुमच्याकडे आज फक्त नोटरी असेल तर उद्याच रजिस्ट्री ऑफिसला जाऊन त्या जागेचे नोंदवलेले सगळे दस्त शोधा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि सातबाऱ्यावरचं इतर हक्काचं सदर वाचा, बोजा असेल तर तिथे दिसेल. जागामालक वेगळा असेल तर कोणाच्या वाट्याला कुठले फ्लॅट ती यादी हातात घ्या. बँक स्टेटमेंट, डायरीची पानं, ब्रोशर जपून ठेवा, आणि त्याच्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं अजिबात डिलीट करू नका, आमच्या चार लाख रोखीचा दुसरा पुरावा म्हणजे त्याने बाबांना पाठवलेला "गुरुजी रक्कम मिळाली" एवढा एक मेसेज आहे.