द स्टोन रोझेस: एलपी, सीडी की मोबाइल?

मँचेस्टरच्या ‘द स्टोन रोझेस’ या चौघांच्या रॉक बँडचा त्याच नावाचा हा पहिला अल्बम 1989 चा. इतक्या वर्षांनीही चाहते तो पुन्हा पुन्हा विकत घेतात, कोणती आवृत्ती खरी यावर भांडतात. त्याला कारण आहे. वर जॉन स्क्वायरची गिटार पोळ्याच्या बैलाच्या घुंगुरमाळेसारखी किणकिणते, खाली मॅनीचा बेस आणि रेनीचे ड्रम पाय हलवायला लावतात, आणि मधेच साठच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकसारखी टेप उलटी फिरते. ऐकण्याचं साधन निवडताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की प्रत्येक साधन यातलं वेगळं काहीतरी मारतं. खेड्यात ऊन आणि लाईन आणखी काय मारतात, ते पुढे येईलच.

आधी गाणी मोजा. मूळ ब्रिटिश आवृत्तीत 11 आहेत. अमेरिकी आवृत्तीत तिसऱ्या जागी ‘एलिफंट स्टोन’ घुसवलं, आणि नंतरच्या प्रतींत शेवटी ‘फूल्स गोल्ड’ जोडलं. हे दुसरं गाणं उत्तमच आहे, पण जवळपास दहा मिनिटांचं आणि वेगळ्याच चालीचं. शेवटचं आठ मिनिटांचं ‘आय ॲम द रेझरेक्शन’ संपल्यावर जी शांतता हवी, ती त्यामुळे जाते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 11 गाण्यांचाच क्रम धरावा.

एलपीचा, म्हणजे बारा इंची रेकॉर्डचा, मोह मुखपृष्ठापासून सुरू होतो. ते चित्र स्क्वायरचंच: अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या धाटणीचे रंगाचे शिंतोडे आणि लिंबाच्या चकत्या. 1968 च्या पॅरिसमधल्या आंदोलकांनी अश्रुधुरावर लिंबू वापरलं होतं, त्याची ती खूण. बारा इंचांवर ते जसं दिसतं तसं सीडीच्या डबीत दिसत नाही. पण आवाजाचं गणित वेगळं आहे. पहिली बाजू साडेबावीस मिनिटांच्या आसपास, दुसरी साडेपंचवीसच्या. बाजू लांबली की खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. शिवाय सुई आतल्या वर्तुळांकडे सरकते तसा एका फेऱ्यात मिळणारा खाचेचा पल्ला आखूड होतो आणि वरचे सूर खरखरतात. नेमका तिथेच, दुसऱ्या बाजूच्या शेवटी, अल्बमचा सगळ्यात धुमसता भाग आहे. लंबगोल टोकाची सुई आणि दोन ग्रॅमच्या आसपास भार देणारं मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर तो निभतो. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा भार कितीतरी जास्त, त्यामुळे झांजांचा आवाज फाटतो आणि रेकॉर्डही झिजते.

मग आपला उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो. सावलीतल्या खोलीत तेवढ्याने रेकॉर्ड वितळत नाही, पण टिनाखालचा माळा किंवा बंद गाडी साठीच्या घरात पोचते, आणि तिथे पीव्हीसी मऊ पडायला लागतं. एकदा वाकलेली थाळी घरच्या उपायांनी क्वचितच सरळ होते. म्हणून मागवायची तर दिवाळी ते होळीच्या दरम्यान, आणि ठेवायची उभी. एकावर एक रचून नाही, तिरपी टेकवून तर नाहीच. कूलरच्या झोताच्या वाटेतही ठेवू नका, ओल्या हवेने पुठ्ठ्याला बुरशी धरते. घरात कापूस साठवलेला असेल तर तंतू सुईला गुंडाळतात. प्रत्येक बाजूआधी थाळीवरून कार्बन फायबरचा ब्रश आणि सुईवर मऊ ब्रश फिरवा, सुईवर मागून पुढे, उलट नाही.

लाईनचा त्रास दोन प्रकारचा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायरमधून भणभण ऐकू येते, साइन वेव्ह लागतो. आणि अर्थिंग धड नसेल तर हम, म्हणजे सततचा घूं-घूं आवाज, येतो. टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) अर्थची बारीक तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट आवळा, आधी तेवढंच करून पाहा. टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर बसवलं तर पावलांच्या धक्क्याने सुई उडत नाही.

सीडी दिसायला रुक्ष, पण या अल्बमला सगळ्यात कमी धक्का तीच लावते. बाजू बदलणं नाही, शेवटच्या गाण्याची खरखर नाही. घरात पडलेला जुना डीव्हीडी प्लेअरही चालतो. अडखळला तर बहुतेक वेळा लेन्सवर धूळ असते: आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. 2009 मध्ये विसाव्या वर्षानिमित्त निघालेली रीमास्टर (आवाज नव्याने जुळवलेली) प्रत आणि जुनी प्रत यांची तुलना करायची असेल तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या. मोठा आवाज पहिली पाच मिनिटं नेहमीच चांगला वाटतो.

मोबाइल सगळ्यांकडे आहे, म्हणून त्याचे दोष माहीत हवेत. फोनच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत, त्यामुळे पहिल्या गाण्याची सुरुवात म्हणजे नुसता खुळखुळाट. बेस हळूहळू वर येतो तोच भाग गायब. त्यात कूलर चालू असेल तर पहिलं मिनिट हवेतच गेलं. तारेचे साधे इअरफोन इथे सरस ठरतात. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रेंज खाली आली की ॲप आपोआप दर्जा उतरवतं. कमी बिटरेटमध्ये (दर सेकंदाला कमी डेटा) आधी वरचे सूर कापले जातात, म्हणजे नेमकी ती किणकिण. झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या सळसळतात. ॲपमध्ये ‘ऑटोमॅटिक’ बंद करून सगळ्यात वरचा दर्जा निवडा आणि तालुक्याच्या गावी वाय-फायवर उतरवून घ्या. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायला 30 दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. शफल बंदच ठेवा: ‘वॉटरफॉल’ आणि त्याचीच टेप उलटी फिरवून केलेलं ‘डोन्ट स्टॉप’ पाठोपाठ आलं तरच गंमत कळते.

ज्याच्याकडे आजवर टर्नटेबल नाही त्याने या एका अल्बमसाठी ते घेऊ नये. सीडी घ्या, कॉम्प्युटरला यूएसबीची सीडी ड्राइव्ह लावून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामच्या सिक्युअर मोडमध्ये फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या, फाइली काढा (साधारण 300 ते 350 एमबी होतात, 320 केबीपीएसची एमपीथ्री 115 च्या आसपास), एक प्रत मेमरी कार्डात आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवा. लाईन गेली तरी फोनच्या बॅटरीवर पूर्ण अल्बम निघतो. पक्कं घर, साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि चांगली सुई आधीच असेल, तर एलपी जरूर घ्या, मुख्यतः चित्रासाठी. आणि ती आली की पहिल्याच दिवशी दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजवून पाहा. परत करायची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते.