स्क्रॅच: पोरांच्या कोडिंगसाठी फुकटातलं, पण भारी

मुलगी सहावीत आहे. गेल्या वर्षी एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी फोन करकरून डोकं खाल्लं, आत्ताच कोडिंग शिकली नाही तर पुढे नोकरी नाही वगैरे, आणि आम्ही पण घाबरून पैसे भरले, चार महिन्यांत तीन टीचर बदलले आणि रिफंड मागितला तर फोनच उचलेनात. जाऊदे.

मग ऑफिसातल्या एकाने स्क्रॅच नावाचं कोडिंग शिकायचं सॉफ्टवेअर सांगितलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये बनलेलं, २००७ पासून चालू आहे, मुख्यतः ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी, आणि पूर्ण फुकट. टाइप फारसं करायचंच नाही, सूचनांचे रंगीत ब्लॉक ओढायचे नि एकमेकांत अडकवायचे, की स्क्रीनवरची मांजर चालायला लागते. ऑफलाइन ॲप टाकलं तर अकाउंट पण लागत नाही, नेट गेलं तरी चालतं.

मला काय आवडलं सांगतो, मांजर डावीकडे जाईना म्हणून मुलगी रडकुंडीला आली, मग तिलाच कळलं की स्क्रीनच्या मधे शून्य आहे आणि डावीकडे उणे २४० पर्यंत आकडे आहेत. उणे संख्या शाळेत डोक्यात शिरत नव्हत्या हो, इथे दहा मिनिटांत शिरल्या!

मोबाईलवर नको, ब्लॉक बोटाखालीच झाकले जातात, जुना लॅपटॉप चालेल. आणि स्क्रॅचच्या साइटवर दुसऱ्यांनी बनवलेले गेम खेळण्यात तास जातो, तिकडे लक्ष ठेवा. करिअरबिरिअर नंतर बघू, सध्या मांजरीला उंदीर पकडायचाय.

पाचपैकी साडेचार.