अकरा मारुतींची एक दिवसाची सहल : भित्र्या प्रवाशाचा अभिप्राय

समर्थ रामदासस्वामींनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींचे दर्शन एका दिवसात घडवून आणणाऱ्या कराडच्या एका प्रवासी सेवेबरोबर मी गेल्या महिन्यात जाऊन आले. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि अशा सहली काढणारे त्या भागात अनेक जण आहेत. माणशी १,४०० रुपये, दहा आसनांची गाडी, पहाटे पाचला प्रस्थान आणि रात्री नऊच्या सुमारास परत, असा त्यांचा बेत होता.

अभिप्राय देणारी व्यक्ती कोणत्या अवस्थेत गाडीत बसली होती, हे आधी सांगणे योग्य ठरेल. दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात आमच्या मोटारीला अपघात झाला. इजा किरकोळ होती, पण तेव्हापासून चारचाकीत बसले की माझ्या तळहातांना घाम सुटतो आणि समोरून ट्रक आला की उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबतो. समुपदेशन घेतले, त्याचा उपयोगही झाला, तरी महामार्ग मी टाळतच राहिले. याही वेळी पुण्याहून कराडपर्यंत रेल्वेनेच गेले आणि ओगलेवाडीच्या स्थानकावरून रिक्षाने मुक्कामी पोहोचले. अकरा मारुतींना जायचे हा नवस नव्हता. लहानपणी अंधाराला भ्यायले की आजी भीमरूपी म्हणायला लावायची, तेवढ्याच पुंजीवर मी हे धाडस केले.

गाडी निघाली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता आणि रुंदीकरणाच्या कामांमुळे महामार्ग जागोजागी वळवलेला होता. मी डोळे मिटून भीमरूपी सुरू केली. हे स्तोत्र आपल्या श्लोकांची संख्या स्वतःच पंधरा सांगते. अनुष्टुभ छंदातले आठ-आठ अक्षरांचे चरण असल्यामुळे ते श्वासाच्या मापात बसते आणि शांतपणे म्हटले तर एका पाठाला साधारण दोन मिनिटे लागतात. उंब्रजपर्यंत माझा पाठ मिनिटभरातच संपत होता, म्हणजे मी तो म्हणत नव्हते, पळवत होते. शेजारच्या काकांनी हळूच विचारले, ‘‘ताई, गाडी लागते का?’’ चालकाने आरशातून पाहिले असावे, कारण पुढच्या थांब्यावर तो स्वतः येऊन म्हणाला, ‘‘काकू, बिनघोर बसा. साठाच्या वर न्हेत न्हाई मी.’’ दिवसभर त्याने तो शब्द पाळला, आणि माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

उंब्रज, माजगाव, चाफळ आणि शिंगणवाडी हा सकाळचा टप्पा उत्तम आखलेला आहे. चाफळला दोन मारुती आहेत. राममंदिरासमोरचा दासमारुती हात जोडून उभा आहे आणि मंदिरामागचा प्रतापमारुती पराक्रमाच्या आवेशात आहे. भीती घेऊन आलेल्या माणसाला वीरमूर्तीपाशी अधिक धीर येईल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी रेंगाळले ती दासमारुतीसमोर. अणूपासून ब्रह्मांडाएवढा होत जातो असे भीमरूपीत ज्याचे वर्णन आहे, तो इथे नम्रपणे कुणापुढे तरी उभा आहे, हे पाहून माझे खांदे सैल पडले आणि पहाटेपासून आवळलेली पिशवी मी खाली ठेवली. माजगावच्या मूर्तीची कथाही मला आवडली. वेशीवरच्या घोड्याच्या आकाराच्या धोंड्यालाच गावकरी मारुती मानत होते आणि त्याच पाषाणावर समर्थांनी मारुतीची मूर्ती घडवून घेतली, असे सांगतात.

आता तक्रारी. जाहिरातीत ‘जाणकार मार्गदर्शक’ असे छापले होते. प्रत्यक्षात एक तरुण मुलगा आणि एक घडीपत्रक मिळाले. सर्व मारुतींची स्थापना एकाच वर्षी झाली, असे तो मुलगा ठासून सांगत होता. शहापूरचा मारुती शके १५६६ मधला, म्हणजे इ. स. १६४४-४५ चा आहे आणि शिराळ्याचा शके १५७६ मधला. मधल्या दहा वर्षांत बाकीचे झाले. मसूरला जेमतेम सात मिनिटे थांबू दिले, तर जेवणासाठी एका ढाब्यावर सव्वा तास घालवला. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय असलेले थांबे आधीच ठरवून ठेवायला हवेत, हे मी परतल्यावर त्यांना लेखी कळवले आहे.

दुपारनंतरचा बहे हा सहलीचा सर्वोत्तम थांबा होता. वाळवा तालुक्यातील हे स्थान कृष्णेच्या पात्रातील बेटावर आहे. रामलिंगाची पूजा चालू असताना नदीला पूर आला आणि मारुतीने आपल्या दोन्ही बाहूंनी प्रवाह अडवून धरला, अशी तिथली परंपरागत कथा आहे. मूर्तीपाशी बसून मी पुन्हा भीमरूपी म्हटली आणि ‘नासती तूटती चिंता’ या शब्दांवर प्रथमच थबकले. माझी चिंता नासली नव्हती. परत महामार्गावर जायचे या विचाराने पोटात गोळा होताच. मात्र त्या गोळ्यासकट मी नीट बसू शकत होते आणि पाठ मिनिटभरावरून दोन मिनिटांवर आला होता. हे मी घड्याळात पाहिले, कारण अशा बाबतीत माझा स्वतःवर फारसा विश्वास नाही. श्रद्धेने भीती पळवून लावली असे मी म्हणणार नाही. तिने माझ्या जिभेला आणि श्वासाला काम दिले, आणि आपल्याला कुणीतरी धरून आहे ही जाणीव दिली. यातले किती श्रेय मारुतीचे, किती अनुष्टुभाचे आणि किती साठाच्या वर न जाणाऱ्या चालकाचे, याचा हिशेब मला मांडता येत नाही.

शिराळा उरकून कोल्हापूर जिल्ह्यातील पारगाव आणि मनपाडळे ही शेवटची दोन ठिकाणे झाली, तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. पारगावची मूर्ती अकरांमध्ये सर्वांत लहान, जेमतेम दीड फुटाची आहे; अंधारात समईच्या उजेडात ती पाहायला मिळाली, हे उशिरामुळे झालेले एकमेव बरे.

ज्यांना इतिहास समजून घ्यायचा आहे, त्यांनी स्वतः वाचून जावे किंवा स्वतंत्र वाहन करून दोन दिवसांत ही फेरी करावी. ज्यांना माझ्यासारखी गाडीची धास्ती आहे, त्यांनी नोंदणी करतानाच वेगमर्यादेविषयी स्पष्ट विचारून घ्यावे, मधल्या रांगेतील आसन मागावे आणि जेवणाचा डबा सोबत ठेवावा. पावसाळ्यात मात्र ही सहल करू नये, कारण कृष्णा चढली की बहेच्या बेटावर जाता येत नाही आणि दहाच मारुती पदरात पडतात. परतीच्या वाटेवर कराडच्या अलीकडे एका वळणावर ट्रक अगदी जवळून गेला. माझा उजवा पाय ब्रेकसाठी हललाच. पाठ त्या वेळी नवव्या श्लोकावर होता. तो तुटला नाही, म्हणून मी दहावा सुरू केला.